उद्यानासाठी आरक्षित भूखंडावर वाहनतळ मागावा का? (पुण्याच्या बाणेर-बालेवाडीतील ब्रुअऱ्या आणि पार्किंग)

प्रश्न : बाणेरकर

नमस्कार. या विषयावर आमच्या सोसायटीच्या बैठकीत जी चर्चा झाली तिचा निकाल मुख्यतः आवाजाच्या पट्टीवर लागला, म्हणून शांतपणे उत्तरे मिळतील या आशेने प्रश्न येथे मांडत आहे.

आमच्या इमारतींच्या मागील बाजूस विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित असलेला एक भूखंड आहे. त्याचा काही भाग महापालिकेच्या ताब्यात आलेला आहे आणि उरलेला अद्याप मूळ मालकाकडेच आहे. उद्यान मात्र दोन्हीकडे नाही. दरम्यानच्या काळात आजूबाजूला उपाहारगृहे वाढली, त्यांपैकी काहींनी आपल्याच जागेत बिअर तयार करणाऱ्या मायक्रोब्रुअऱ्या सुरू केल्या, आणि शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत या भूखंडावर मोटारींची दाटी होऊ लागली. व्हॅलेची मुले ग्राहकांच्या गाड्या येथेच आणून लावतात. भूखंड भरला की गाड्या आमच्या गल्लीत दुतर्फा उभ्या राहतात, आणि मग रुग्णवाहिका किंवा पाण्याचा टँकर आत आणायचा झाल्यास कोणाची गाडी कोठली हे शोधत फिरावे लागते.

आता परिसरातील काही रहिवासी आणि व्यावसायिक मिळून असे निवेदन देणार आहेत की, उद्यान होतच नसेल तर हे आरक्षण बदलून तेथे बहुमजली वाहनतळ करावा, आणि ते शक्य नसल्यास निदान जमिनीखाली वाहनतळ व वर उद्यान असा मार्ग काढावा. त्यावर आमच्या सोसायटीची सही मागितली आहे. विरोध करणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. एकाला उद्यानच हवे आहे, आणि दुसऱ्याला उद्यानाशी फारसे देणेघेणे नसून ब्रुअऱ्या येथून हटाव्यात असे वाटते. माझा स्वतःचा ब्रुअऱ्यांना नैतिक आक्षेप नाही. मित्रमंडळींबरोबर मीही तेथे जातो आणि घर जवळ असल्याने चालतच जातो. माझी शंका निराळी आहे. असे आरक्षण बदलणे कायद्यात बसते का, आणि बसत असले तरी वाहनतळ उभारल्याने गल्लीतील गाड्या खरोखरच कमी होतील, की आणखी येतील? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


प्रतिसाद : आरेखक

नगररचनेच्या कामात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालो असल्याने कायद्याच्या भागाचे उत्तर आधी देतो.

आरक्षण बदलता येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ नुसार आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही इतपत फेरबदल करण्याचा ठराव महापालिका करू शकते. त्याची सूचना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, त्यांवर सुनावणी द्यावी लागते आणि अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. म्हणजे तुमच्या परिसरातल्या निवेदनाने भूखंडाचे भवितव्य एका दिवसात बदलत नाही. परंतु अशा प्रस्तावाची सुरुवात बहुधा ‘स्थानिक नागरिकांची मागणी’ या शब्दांनीच होते, आणि पुढे हरकती मागवल्या जातात तेव्हा त्याच नागरिकांची सही असलेला कागद फाइलमध्ये अग्रभागी लावलेला असतो. त्यामुळे सही ही क्षुल्लक बाब समजू नये.

न्यायालयांचा कल पाहायचा असेल तर बंगळूरच्या राजमहल विलास वसाहतीतील प्रकरण आजही वाचण्यासारखे आहे. तेथे उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा एका खासगी शुश्रूषागृहाला देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. शुश्रूषागृह ही वाईट गोष्ट आहे असे न्यायालयाने म्हटलेले नव्हते. उद्यानाची जागा ही सर्व रहिवाशांच्या उपयोगाची असते आणि तिचा खासगी लाभासाठी असा परस्पर वापर करता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. सार्वजनिक वाहनतळाला हा निकाल जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, कारण तोही सार्वजनिक उपयोग म्हणून मांडता येतो. मात्र प्रत्यक्षात त्याचा लाभ चार-पाच आस्थापनांनाच होणार असेल, तर हरकत घेणाऱ्याच्या हाती एक भक्कम मुद्दा येतो.

तुमच्या प्रश्नात जो धोका आलेला नाही, तो मला जास्त गंभीर वाटतो. त्याच कायद्याच्या कलम १२७ नुसार, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालक खरेदी सूचना (जमीन विकत घ्या, अशी नोटीस) बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते, आणि जमीन शेजारच्या वापराप्रमाणे विकसित करण्यास मोकळी होते. उद्यान विरुद्ध वाहनतळ हा वाद तुम्ही रंगवत बसाल आणि अखेरीस तेथे ना उद्यान असेल ना वाहनतळ, तर आणखी एक इमारत असेल, हा प्रकार शहरात नवा नाही. तेव्हा ताब्यात न आलेल्या भागाची सद्यस्थिती काय आहे, मालकाने अशी सूचना दिली आहे का, आणि मोबदला रोख, टीडीआर (इतरत्र वापरता येणारा बांधकामाचा हक्क) की वाढीव एफएसआय (भूखंडावर करता येणाऱ्या बांधकामाचे प्रमाण) यांच्या रूपात द्यायचे ठरले आहे, ही माहिती माहितीच्या अधिकारात आधी मागवा.

वाहनतळाच्या उपयुक्ततेबद्दल एक हिशेब देतो, तो सोसायटीच्या बैठकीत मांडून पाहा. नियमावलीनुसार मोटार उभी करण्याची चौकट अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटरची असते. परंतु गाडी तेथपर्यंत पोहोचण्यासाठी मार्गिका, वळणे आणि उतार लागतात. नियोजनात त्यासह उघड्या वाहनतळावर एका मोटारीमागे २३ आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरण्याची पद्धत आहे. आता केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटलेले आहे. याचा अर्थ, एक मोटार उघड्यावर उभी राहते तेव्हा साधारण दोन माणसांच्या वाट्याची मोकळी जागा व्यापते, आणि त्या मोटारीतून पुष्कळदा एकच माणूस उतरतो. बाणेर-बालेवाडी १९९७ साली महापालिका हद्दीत आलेल्या गावांपैकी आहेत. तेथे टेकड्या आहेत, नदीकाठ आहे, पण घरापासून चालत जाता येईल असे सपाट उद्यान दुर्मिळ आहे. एकदा गेलेला असा भूखंड पुन्हा मिळत नाही.


प्रतिसाद : शनिवारपेठी

वाहनतळ झाल्याने गल्ली मोकळी होईल का, याचे उत्तर बाणेरमध्ये शोधण्याचे कारण नाही. त्यासाठी एखाद्या संध्याकाळी मंडईत यावे. मिनर्व्हा आणि आर्यन ही महापालिकेची वाहनतळे तेथे कित्येक वर्षांपासून आहेत, आणि तरीही त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर रस्त्याच्या कडेला गाडी लावण्यासाठी माणसे घिरट्या घालत असतात. वाहनतळात पैसे पडतात, जिना उतरावा लागतो. रस्त्यावर काहीच पडत नाही, फार तर टोइंगची गाडी येते, आणि तीही आपल्यालाच नेमकी उचलेल असे कोणालाच वाटत नाही. पी-१ आणि पी-२ च्या (सम-विषम तारखेनुसार रस्त्याच्या एकाच बाजूला गाडी लावण्याच्या) पाट्या वाचून तारखेचा हिशेब करणारा पुणेकर मी पाहिलेला आहे, परंतु तो अल्पसंख्य आहे.

महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. रस्त्यावर गाडी उभी करणे म्हणजे सार्वजनिक जमीन भाड्याने वापरणे आहे आणि त्याचे दर मागणीप्रमाणे असावेत, हा त्यामागचा विचार होता. सर्व पक्षांना एकाच वेळी जनतेचा कळवळा आला, धोरण प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते आखडले गेले, आणि तेही पुढे रखडले. जोपर्यंत तुमच्या गल्लीत गाडी फुकट लावता येते, तोपर्यंत कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेला वाहनतळ अर्धा रिकामा राहील आणि गल्ली भरलेलीच राहील. आधी गल्लीचा बंदोबस्त मागा.


प्रतिसाद : मोडाचे जव

मी पुण्यातीलच एका ब्रुअरीत बिअर बनवण्याचे काम करतो (बाणेरमधील नव्हे), म्हणून या चर्चेत आमची बाजूही यावी असे वाटते. ती सगळीच आमच्या सोयीची नाही.

आधी ब्रुअऱ्या अशाच भागांत का येतात ते सांगतो. आंबवण्याच्या टाक्यांना उंची लागते, भरलेल्या टाक्यांचे वजन पेलेल अशी जमीन लागते, पाणी, मोठा वीजजोड आणि सांडपाण्याची व्यवस्था लागते. भिजवून मोड आणलेले आणि वाळवलेले जव दळून गरम पाण्यात मुरवायचे, गाळलेला गोड रस हॉप्स (कडवट चव देणारी फुले) घालून उकळायचा, थंड करून त्यात यीस्ट सोडायचे आणि मग आठवडा-दोन आठवडे तापमान सांभाळत थांबायचे, असा हा उद्योग आहे. त्यातली बहुतेक जागा ग्राहकाला न दिसणारी असते. पेठेतील जुन्या इमारतीत हे बसवता येत नाही. त्यामुळे पुण्यात ब्रुअऱ्या मुंढवा, कोरेगाव पार्क, मोहम्मदवाडी, बाणेर-बालेवाडी अशा, तुलनेने मोठे भूखंड उपलब्ध असलेल्या भागांत गेल्या. महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी ‘डूलाली’ही २००९ मध्ये पुण्याच्या दक्षिण टोकाला एका क्लबच्या आवारातच सुरू झाली होती. अशा ठिकाणी बस सहसा पोहोचत नाही, म्हणून ग्राहक गाडी घेऊन येतो आणि तुमच्या भूखंडावर लावतो. (अवांतर : पुण्याला बिअरचा कारखाना नवा नाही. इंग्रजांच्या काळात मीकिन यांनी खडकीत ब्रुअरी काढली होती. तिचे ग्राहक छावणीतले गोरे सैनिक असल्याने पार्किंगचा प्रश्न उद्भवला नसावा.)

आता नियमांमधली एक विसंगती पाहा, जिच्याविषयी आमच्या धंद्यातले लोक आपसात हसतात आणि बाहेर बोलत नाहीत. उपाहारगृहाला परवानगी देताना क्षेत्रफळाच्या प्रमाणात पार्किंगची जागा दाखवणे बंधनकारक असते. ब्रुअरीलाही तोच नियम लागतो. म्हणजे जेथे माणसे मद्य पिण्यासाठीच येणार हे उघड आहे, तेथे शासन आम्हाला सांगते की त्यांच्या गाड्यांची सोय करा. आणि मग त्याच रस्त्याच्या टोकाला पोलीस श्वासतपासणीचे यंत्र घेऊन उभे राहतात, कारण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. मोठ्या ग्लासातली दोन ग्लास बिअर घेऊन लगेच निघालेला माणूस ही मर्यादा सहज ओलांडू शकतो. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला मोटारीचा जो अपघात घडला, त्यात दुचाकीवरील दोघा तरुणांचा जीव गेला. त्यानंतर शहरातील अनेक पब-बारवर कारवाई झाली, वेळांची, परवान्यांची आणि वयाच्या दाखल्यांची तपासणी झाली, आणि ते योग्यच होते. (बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे, आमच्याकडे दारातच ओळखपत्र पाहतात.) परंतु ब्रुअरीला पार्किंगची सक्ती कशासाठी, हा प्रश्न त्या गदारोळातही कोणी विचारला नाही. माझ्या मते मद्य देणाऱ्या जागेवर किमान पार्किंगऐवजी कमाल पार्किंगची मर्यादा असावी, आणि त्या बदल्यात रिक्षा-टॅक्सी थांबण्यासाठी दारासमोर निश्चित जागा मिळावी. रात्री दीड वाजता बाहेर पडणाऱ्या ग्राहकाला गाडी शोधण्यापेक्षा रिक्षा शोधणे सोपे असले पाहिजे. आज ते नेमके उलटे आहे.

व्हॅलेबद्दल स्पष्ट बोलतो. बांधकाम नकाशात दाखवलेली पार्किंगची जागा पुढे बसण्याच्या जागेत, सामान ठेवण्यात किंवा ‘गार्डन सीटिंग’मध्ये जाते, आणि ग्राहकांच्या गाड्या बाहेर सार्वजनिक जागेवर ढकलल्या जातात. हा प्रकार आमच्या व्यवसायात सर्रास चालतो. बाणेरकर, आपण संबंधित आस्थापनांच्या मंजूर बांधकाम नकाशांच्या प्रती मागवून प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहा. बहुधा आपल्या भूखंडावर उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्यांची जागा त्याच नकाशात सापडेल. ती मोकळी करून मिळाली तर नव्या वाहनतळाची मागणी करणाऱ्यांना आधी तिचे उत्तर द्यावे लागेल.


प्रतिसाद : वाघोलीकर

वरील सर्व प्रतिसाद वाचताना असे वाटले की गाडी वापरणारा माणूस केवळ हौसेने ती वापरतो, असे गृहीत धरले गेले आहे. वाघोलीसारख्या भागातून संध्याकाळी सातनंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला सार्वजनिक वाहनाने जाऊन रात्री परतणे किती शक्य आहे, हे प्रतिसादकर्त्यांनी एकदा करून पाहावे. माझ्या आईचे गुडघे काम करत नाहीत. तिला जेवायला बाहेर न्यायचे तर दारापर्यंत गाडी न्यावीच लागते. महापालिकेची हद्द २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेऊन वाढली. बस मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. अशा शहरात पार्किंग काढून घेणे म्हणजे ज्यांना पर्याय आहे त्यांनी ज्यांना नाही त्यांना धडा शिकवणे होय. मेट्रोचेही तेच. ती रात्री अकराच्या सुमारास थांबते आणि मद्यालये त्यानंतरही चालू असतात.

ब्रुअरीवाल्या मित्रांनी पाण्याविषयी मात्र अवाक्षर काढलेले नाही. आमच्याकडे इमारतींना टँकरने पाणी येते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथील मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता. पुण्यात उद्या खडकवासला धरणसाखळीत पाणी कमी पडले तर आधी कोणाचे तोडणार, हेही ठरले पाहिजे.


प्रतिसाद : मोडाचे जव

वाघोलीकर, पाण्याचा प्रश्न रास्त आहे. मोठ्या, आधुनिक कारखान्यात एक लिटर बिअरमागे साधारण चार लिटर पाणी लागते. आमच्यासारख्या लहान ब्रुअरीत टाक्या धुणे आणि रस थंड करणे यांमुळे त्याहून बरेच जास्त लागते. थंड करण्यासाठी वापरलेले पाणी स्वच्छच असते आणि ते गरम पाण्याच्या टाकीत घेऊन पुढच्या खेपेला वापरता येते, पण त्यासाठीची टाकी बसवायला जागा आणि खर्च दोन्ही लागतात, म्हणून काही जण ते सरळ गटारात सोडतात. औरंगाबादचे कारखाने राज्यभर माल पाठवणारे होते, त्यांच्याशी आमची तुलना आकाराने होत नाही. तरी टंचाईत कपात आमच्यापासून सुरू झाली तर मी तक्रार करणार नाही.

रहिवाशांनी पाण्यापेक्षाही सांडपाण्यावर अधिक लक्ष ठेवावे असे मी सांगेन. टाक्यांच्या तळाशी बसलेले यीस्ट आणि उरलासुरला रस यांनी भरलेले आमचे सांडपाणी घरगुती सांडपाण्यापेक्षा कितीतरी पट अधिक प्राणवायू शोषून घेते. ते प्रक्रियेविना नाल्यात गेले तर उन्हाळ्यात त्याचा वास दूरवर जातो. दुसरी गोष्ट जवाचा चोथा. १०० लिटर बिअरमागे साधारण २० किलो ओला चोथा निघतो आणि पुण्याच्या उन्हात तो दुसऱ्या दिवशी आंबतो. आसपासचे गोठेवाले तो जनावरांसाठी आनंदाने नेतात, पण गोठे शहराबाहेर सरकत चालले आहेत आणि टेंपो उशिरा आला की पिंपे मागच्या गल्लीत तशीच राहतात. आपल्या मागच्या गल्लीत अशी पिंपे दिसत असतील तर ती तक्रार पार्किंगच्या तक्रारीपेक्षा लवकर मार्गी लागेल.


प्रतिसाद : बंगळूरकर

नोकरीनिमित्त बरीच वर्षे बंगळूरला आहे. इंदिरानगरमध्ये रहिवासी भागात पब आणि ब्रुअऱ्या जसजशा शिरल्या तसतशी हीच भांडणे झाली, आणि आवाजाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथील अनुभव असा की, रहिवाशांनी ‘ब्रुअऱ्या हटवा’ म्हटले तेव्हा त्यांचा परवाना कायदेशीर असल्याने फारसे काही झाले नाही. ध्वनिमर्यादा, वेळ आणि मंजूर वापर यांवर बोट ठेवले तेव्हा यंत्रणा हलली.

दुसरे उदाहरण चर्च स्ट्रीटचे. तोही खाण्यापिण्याच्या जागांनी आणि पबांनी भरलेला रस्ता आहे. २०१८ मध्ये त्याची फरसबंदी करून, पदपथ रुंद करून तो नव्याने खुला करण्यात आला, आणि नोव्हेंबर २०२० पासून काही महिने शनिवार-रविवारी तो वाहनांना बंद ठेवण्यात आला. व्यावसायिकांची ओरड अपेक्षेप्रमाणे झाली, पण माणसे आली, कारण महात्मा गांधी रस्त्याचे मेट्रो स्थानक तेथून चालत काही मिनिटांवर आहे. वाघोलीकरांच्या आक्षेपाचे उत्तर मला यातच दिसते. गर्दी खेचणारी ठिकाणे कोठे असावीत हे आधी ठरवावे लागते, आणि ती स्थानकाजवळ असली तर पार्किंगचा प्रश्न बऱ्याच अंशी उद्भवतच नाही. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो मार्ग बाणेर रस्त्यावरूनच जातो. आज बांधलेला बहुमजली वाहनतळ तो मार्ग रुळल्यानंतरही तेथेच उभा असेल, हे निवेदनावर सही करताना लक्षात घ्यावे.


प्रतिसाद : बाणेरकर

सर्वांचे आभार. ‘खाली वाहनतळ, वर उद्यान’ या पर्यायाबद्दल आरेखक यांनी काही लिहिलेले नाही आणि आमच्याकडे बहुतेकांचा ओढा तिकडेच आहे, कारण त्यात दोन्ही मिळते असे दिसते. त्यात काय अडचण आहे?


प्रतिसाद : आरेखक

दोन्ही मिळते असे दिसते, हे खरे. परंतु तळघराच्या स्लॅबवर जी माती पसरली जाते तिची खोली सहसा हिरवळ आणि झुडपे यांच्यापुरतीच असते. वड, पिंपळ किंवा चिंच यांसारख्या झाडांना दीड-दोन मीटर खोल मातीही अपुरी पडते. शिवाय मोठ्या वृक्षाचे आणि ओल्या मातीचे वजन धरून स्लॅब बांधायचा म्हटला तर खर्च इतका वाढतो की अंदाजपत्रकात सर्वप्रथम कात्री त्यालाच लागते. मग वर कुंड्या, फरशी, कारंजे आणि वायुवीजनाचे झरोके उरतात, आणि त्या झरोक्यांतून खालचा धूर मुले खेळतात तेथेच बाहेर पडतो. त्याखेरीज पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याची जागा कायमची जाते. बाणेरमध्ये टेकडीवरून येणारे ओढे पावसाळ्यात काय करतात हे आपण पाहतच असाल. मुंबईत वांद्र्याच्या रावसाहेब पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळ करण्याच्या प्रस्तावाला रहिवाशांनी विरोध केला तो अशाच कारणांनी.

उलट बाजूचे उदाहरण कोरेगाव पार्कमध्ये आहे. तेथील ओशो तीर्थ उद्यान एका नाल्याच्या काठाने फुलवलेले आहे. आज तेथील बांबूंच्या सावलीत फिरणाऱ्यांना ती जागा एके काळी दुर्गंधीमुळे टाळली जात असे हे सांगूनही पटत नाही. आणि त्याच परिसरात उपाहारगृहे, पब आणि ब्रुअऱ्या भरपूर आहेत. म्हणजे उद्यान आणि ब्रुअरी यांचे एकमेकांशी वैर नाही. दोघांचे भांडण गाड्यांशी आहे.

वाघोलीकरांच्या मातोश्रींसाठी एक गोष्ट नक्की करता येते आणि ती मागण्यातही यावी. प्रत्येक आस्थापनेच्या दारासमोर, गाडी थांबवून माणसे उतरवण्यापुरती जागा आणि अपंग व वृद्ध यांच्यासाठी राखीव चौकटी असाव्यात. सर्वांना फुकट पार्किंग दिले की ज्याला खरोखर गरज आहे त्यालाच जागा मिळत नाही, कारण ती दुपारपासूनच अडवलेली असते.


प्रतिसाद : वाघोलीकर

हे मान्य आहे. मात्र पे अँड पार्कचा ठेका कोणाला मिळतो आणि पावती किती रुपयांची फाडली जाते, यावर लक्ष ठेवणारी यंत्रणाही सोबत मागा. नाहीतर गल्ली मोकळी होण्याऐवजी कोणाची तरी खासगी जहागीर होईल.


प्रतिसाद : शनिवारपेठी

ही सूचना अनुभवाची दिसते. तिला माझे अनुमोदन.


प्रतिसाद : बाणेरकर

आमच्या व्यवस्थापन समितीपुढे ठेवण्यासाठी या चर्चेवरून मसुदा तयार केला आहे. निवेदनावर सही करायची नाही, त्याऐवजी सोसायटीतर्फे स्वतंत्र पत्र द्यायचे असा प्रस्ताव आहे. त्यात महापालिकेच्या ताब्यात असलेल्या भागाला कुंपण घालून तेथे या पावसाळ्यात देशी झाडे लावावीत, उरलेल्या भागाच्या संपादनाची आणि खरेदी सूचनेची लेखी माहिती द्यावी, लगतच्या आस्थापनांनी मंजूर नकाशातील पार्किंग मोकळे करून द्यावे, आणि आमच्या गल्लीत एका बाजूलाच, शुल्क घेऊन, पावतीच्या तपासणीसह पार्किंग ठेवावे, अशा मागण्या आहेत. मोडाचे जव यांच्या सूचनेप्रमाणे रिक्षा थांब्याची मागणीही घातली आहे, आणि तिच्यावर एका ब्रुअरीचे व्यवस्थापकही सही करण्यास तयार आहेत. गल्लीतील शुल्काच्या कलमावर मात्र समितीत मतभेद होणार हे दिसतच आहे, कारण आमच्यापैकी ज्यांची दुसरी गाडी आहे ती सध्या तेथेच उभी असते. रहिवाशांना सवलतीचा मासिक पास द्यावा की सर्वांना एकच दर लावावा, याबद्दल कोणास काही सुचवायचे असल्यास बैठकीपूर्वी कृपया लिहावे.


प्रतिसाद : आरेखक

पास द्या, पण घरामागे एकच, आणि सोसायटीत जागा नसलेल्यांनाच. दुसऱ्या गाडीला पूर्ण दर लावा. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी करू नये, असा विचार मांडला होता. तेव्हा गाडीचा संबंध जागेशी जोडण्याची ही कल्पना आपणच प्रथम काढलेली नाही, असे समितीत निःसंकोचपणे सांगता येईल. आणि झाडे लावण्याआधी ताब्यात असलेल्या भागाची मोजणी नगर भूमापन कार्यालयाकडून करून घेण्याची मागणी पत्रात पहिल्या क्रमांकावर ठेवा. हद्द निश्चित नसेल तर कुंपणाचे काम ठेकेदार पहिल्याच दिवशी थांबवेल.